डोंगर कोणता, नदी कोणती

या सहलीचं मूळ ईशानच्या शाळेच्या वहीत आहे. ईशान म्हणजे ताईचा, माझ्या चुलतबहिणीचा, मुलगा. वय तेरा, जन्म ऑकलंडचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा वाईला फोन आला, "मावशी, आपला डोंगर कोणता?"

न्यूझीलंडच्या शाळांत मुलांकडून 'पेपेहा' लिहून घेतात. माओरी माणूस, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, आपली ओळख नावापासून सुरू करत नाही. माझा डोंगर अमुक, नदी तमुक, पूर्वज आले ती होडी ही, मूळपुरुष हा, आणि सगळ्यांत शेवटी मी. डोंगर म्हणून मी पांडवगड सांगितला, नदी अर्थात कृष्णा. होडीशी गाडं अडलं. "एसटी लिही," म्हटलं. त्यानं विमान लिहिलं. पूर्वजाच्या जागी माझ्या पणजोबांचं नाव गेलं. ते त्याच्याही आईचे पणजोबा, आणि त्यांच्या मागचं नाव आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

या मार्चमध्ये मी ऑकलंडला पोचले, तेव्हा सहा दिवसांचा बेत ईशाननं आधीच आखून ठेवला होता. भावजींना रजा नव्हती. गाडी ताईनं चालवली.

दिवस पहिला : ऑकलंड

टेकडीवरचं वॉर मेमोरियल म्युझियम. आत शिरताच पंचवीस मीटर लांबीची युद्धनौका, 'ते तोकी आ तापिरी'. १८३६च्या सुमाराची, शंभर माणसं मावतील एवढी. तिच्यापुढे अख्खं कोरीव घर उभं आहे. 'फारेनुई', म्हणजे सभेचं मोठं घर. (मी 'व्हारेनुई' म्हणत होते. ईशाननं तीनदा सुधारलं: तो उच्चार 'फ'च्या जवळचा.) घराचं नाव होतुनुई. दाराशी चपला काढायच्या. संग्रहालयात चपला काढायला लावल्यावर एकदम बरं वाटलं, कुणाच्या तरी घरी आल्यासारखं.

आणि आपण खरोखर कुणाच्या तरी घरीच, किंबहुना कुणाच्या तरी पोटात शिरत असतो. होतुनुई हा पूर्वज, आणि घर म्हणजे त्याचा देह. छपराच्या टोकाखालचा मुखवटा 'कोरुरु' म्हणजे तोंड. दोन्ही बाजूंना उतरत आलेल्या फळ्या, 'माइही', म्हणजे पसरलेले हात, आणि त्यांची कोरलेली टोकं म्हणजे बोटं. आढं 'ताहुहु' हा कणा, वासे 'हेके' या बरगड्या. मधला खांब 'पोउतोकोमानावा', त्याच्या नावातच काळीज आहे. भिंतींना लागून ओळीनं उभ्या कोरीव फळ्या, 'पोउपोउ'. त्यांतला एकेक वंशातला एकेक माणूस. मी आपली पर्यटकासारखी विचारत सुटले, याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. जीभ बाहेर का? बोटं तीनच का?

१८७८ साली हे घर उभं राहिलं त्याची गोष्ट मात्र लगेच कळली. पूर्वेकडच्या न्गाती आवा जमातीची मेरेआना लग्न होऊन टेम्सच्या न्गाती मारू जमातीत आली, आणि तिच्या माहेरच्या कोरक्यांनी हे घर घडवून जोडप्याला भेट दिलं. कोरक्यांत तिचा भाऊ वेपिहा आपानुई होता. भावानं बहिणीच्या सासरी जाऊन तिच्या सासरच्यांचे पूर्वज कोरले. ताई म्हणाली, "आहेर म्हणावा तर असा. आमच्या वेळी कपबशांचे तीन सेट आले होते."

निघताना पॅसिफिकच्या दालनात जिच्यासमोर पाय थबकले ती माओरी नाही. नुकुओरो बेटावरची 'कावे', दोन मीटरहून उंच लाकडी मूर्ती. हे प्रवाळबेट मायक्रोनेशियात असलं तरी तिथली माणसं पॉलिनेशियन भाषा बोलतात. रुंद खांदे, सरळ पाय, आणि वर अंड्यासारखं गुळगुळीत डोकं. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. होतुनुईच्या भिंतीवर तसूभर जागा मोकळी सोडलेली नाही, इथे चेहराच मोकळा. ती देवी. तिकडे आजोबा-पणजोबा, इकडे देवी, आणि आपण सगळ्यांना मिळून 'टिकी', म्हणजे कोरलेली माणसाकृती, म्हणून मोकळे होतो. शब्द खरा तर भावंडांचा आहे: माओरीत आणि मार्केसास बेटांवर टिकी, ताहितीत ति'ई, हवाईत कि'ई. काम प्रत्येक घरी वेगळं.

दिवस दुसरा : रोटोरुआ

तीन तासांचा रस्ता, हिरवी कुरणं, गाई. रोटोरुआ जवळ आल्याची बातमी आधी नाकाला लागते: गंधकाचा वास, कुणीतरी दिवाळीतले फटाके कालच उडवून गेल्यासारखा. ते पुइआ या ठिकाणी गरम पाण्याचा पोहुतू कारंजा तीस मीटरपर्यंत उसळतो. सगळे तिकडे पळाले. मी कोरीवकामाच्या शाळेत बसले.

ही संस्था १९६३ची, पण तिचं बीज त्याआधीचं. १९२०च्या दशकात कोरके हातावर मोजण्याइतके उरले होते, तेव्हा आपिराना न्गाता या माओरी पुढाऱ्यानं १९२६ साली कायदा करवून घेऊन रोटोरुआत शाळा उभी केली. त्याची मुलं गावोगाव जाऊन घरं कोरू लागली. न्गाता आज पन्नास डॉलरच्या नोटेवर आहे, आणि त्याच्यासोबत एक कोरीव सभागृहही. ताईनं पाकिटातून नोट काढून दाखवली. इतकी वर्षं इथे राहून तिनंही ती नीट पाहिली नव्हती.

लांबलचक टेबलांवर तोतारा वृक्षाच्या फळ्या. पोरगा विशीतला, डाव्या हातात पटाशी, उजव्यात लाकडी हातोडी. टक-टक, टक-टक, मग फळी किंचित वळवायची, पुन्हा टक-टक. वर्तुळाची रेघ अंगठ्याच्या नखाएवढ्या कपच्यांनी पुढे सरकत होती. कपच्या साचल्या की तो हातानं झटकायचा. तोंडानं फुंकत नाही. हे लाकूड आता पूर्वजाचं अंग आहे, आणि ज्या तोंडानं खातो त्याचा श्वास त्यावर घालायचा नाही, असा जुना दंडक. कोरीवकामाच्या ढलप्या चुलीतही जात नाहीत. परंपरेनं कोरीवकाम पुरुषांचं, विणकाम बायकांचं. शेजारच्या दालनात बायका हाराकेकेची, म्हणजे तिथल्या घायपातासारख्या लांब पानाच्या झाडाची, पाती शिंपल्यानं खरवडून दोरा काढत होत्या. इतकं काटेकोर वाटप मला फारसं रुचलं नाही, पण त्यांच्या घरात शिरून मी काय बोलणार.

पोराला माझे कालचे प्रश्न विचारले. बोटं तीन का? तो हसला. त्याच्या आजोबांच्या गावी सांगतात, जन्म-जीवन-मरण. पलीकडच्या खोऱ्यात दुसरं सांगतात. आणखी कुणी म्हणतं, तो पक्ष्याचा पंजा, कारण बाजूनं दिसणारी चोचवाली 'मानाइया' आकृती तशीच असते. मग त्या मानाइयाचं काय? कुणाला ती राखणदार, कुणाला निरोप्या, कुणाला नुसतं माणसाचं एका बाजूनं दिसणारं तोंड. आणि जीभ? शत्रूला वाकुल्या, हे पर्यटकांना आवडतं. पण चांगला वक्ताही जिभेनंच ओळखला जातो ना?

"तुम्ही सगळे विचारता, काय आहे," तो म्हणाला. "आधी विचारायचं, कोण आहे."

मग त्यानं ओळखायच्या खुणा सांगितल्या. चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका, चेहरा बहुधा ठरीव असतो. डोकं मोठं, कारण डोकं अंगातलं सगळ्यांत सोवळं. हातात काय आहे ते बघा. वल्हं धरलेला कुपे, हा देश शोधून काढणारा दर्यावर्दी. आणि काठ्यांवर चढलेला कोण ते उद्या कळेल.

दिवस तिसरा : ओहिनेमुतू आणि ते वैरोआ

ओहिनेमुतू ही रोटोरुआ तळ्याकाठची वस्ती. अंगणांतून वाफा निघतात, थडग्यांच्या फरशांमधूनही. चौकात तामातेकापुआ नावाचं सभागृह. आत जायला परवानगी नव्हती, आणि ते मला बरंच वाटलं. सगळीच दारं आपल्यासाठी उघडी कशाला हवीत? तामातेकापुआ हा आरावा होडीचा नाखवा. या वंशात त्याला काठ्यांवर उभा कोरतात, कारण मूळ देशात असताना भावाला घेऊन, पायांना उंच काठ्या बांधून, म्हणजे पायाचे ठसे उमटू नयेत म्हणून, त्यानं उएनुकू या सरदाराच्या झाडाची फळं चोरली होती. पुढे होडी निघताना न्गातोरोइरांगी या थोर पुरोहिताला फसवून चढवून घेतलं आणि वाटेत त्याच्या बायकोशी लगट केली. हा मूळपुरुष! आपण पूर्वजांची तसबीर लावली की त्यांच्या चुका पुसून टाकतो. इथे चोरीचं साधनच त्याची ओळख म्हणून कोरून ठेवलंय, आणि नातवंडं ते कौतुकानं दाखवतात.

समोरच्या सेंट फेथ चर्चमध्ये काचेवर कोरलेला येशू माओरी झगा पांघरून आहे. खालच्या बाकावर बसलं की तो मागच्या तळ्याच्या पाण्यावरून चालत येतोय असं दिसतं. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

दुपारी ते वैरोआ. १० जून १८८६च्या रात्री तारावेरा डोंगर फुटला, सुमारे एकशेवीस माणसं गेली, गाव राखेखाली पुरलं गेलं. त्याआधी इथे गुलाबी-पांढऱ्या नैसर्गिक पायऱ्या बघायला जगभरातून लोक येत, आणि गावात पैसा खुळखुळत होता. तो इतका, की इथल्या हिनेमिही या सभागृहातल्या पूर्वजांना पाउआ शिंपल्याच्या निळ्या-हिरव्या डोळ्यांऐवजी सोन्याच्या नाण्यांचे डोळे बसवले होते. वेरो तारोई आणि तेने वाइतेरे या कोरक्यांचं ते काम. स्फोटाच्या रात्री जी माणसं या घरात शिरली ती वाचली. हिनेमिही ही बाई, पूर्वजांतली. तिच्या पोटात लेकरं तगली असंच इथे सांगतात, आणि ही उपमा नव्हे.

ती आता इथे नाही. १८९२ साली गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लोनं घर विकत घेऊन इंग्लंडमध्ये सरेच्या आपल्या बागेत नेलं. ते वैरोआत तिची फक्त जागा आहे. गवतातला मोकळा चौकोन. ईशान त्याच्या कडेनं चालला, मधून गेला नाही. मीही नाही.

दिवस चौथा : फाकाताने

समुद्रकाठचं छोटं गाव. नदीच्या मुखाशी खडकावर काशाची एक बाई उभी आहे, वैराका. माताआतुआ होडी आली तेव्हा पुरुष किनाऱ्यावर उतरले आणि बायकांसकट होडी वाहून जाऊ लागली. वल्ह्याला हात लावायची बायकांना मनाई. वैराका म्हणाली, मी पुरुषासारखी वागते, आणि वल्हं उचललं. तेच शब्द गावाचं नाव झाले. परवाच्या वाटपावरची माझी कुरकुर या बाईपाशी निम्म्यानं कमी झाली.

पण आलो होतो माताआतुआ या घरासाठी. होतुनुई कोरणारेच हे हात: वेपिहा, त्याचे वडील आपानुई आणि मंडळी. १८६०च्या दशकात सरकारनं न्गाती आवांच्या जमिनी जप्त केल्या होत्या. विस्कटलेल्या जमातींना एका आढ्याखाली आणायला १८७५ साली हे घर उघडलं. चार वर्षांत सरकारनं ते सिडनीच्या प्रदर्शनाला पाठवलं. तिथे लोकांना आतलं काम दिसावं म्हणून भिंती उलट्या लावल्या, आतली बाजू बाहेर. वाचताना हे नुसतं चमत्कारिक वाटतं. घर म्हणजे देह, हे पहिल्या दिवशी ऐकलेलं असलं की पोटात कालवतं. पुढे मेलबर्न, मग लंडन, १९२४चं वेम्बलीचं प्रदर्शन, मग परत येऊन ड्युनेडिन, तिथलं संग्रहालय. जागेत बसवायला कापाकापीही झाली. १९९६ साली ते परत द्यायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०११मध्ये ते इथे पुन्हा उभं राहिलं. तिथली मंडळी त्याला घरी आलेलं घर म्हणतात.

अंगणात पाहुण्यांचं स्वागत रीतसर. आधी आतून एका बाईची हाक, 'कारांगा'. खणखणीत, लांब, शेवटी खाली उतरणारी. ती नुसती आम्हाला नव्हती. आमच्यासोबत आलेल्या आमच्या मृतांनाही होती. मग हळू चालायचं. आत गेल्यावर नाकाला नाक, 'होंगी'. माझा चष्मा मध्ये आला, समोरच्या आजीबाईंनी तो स्वतःच्या हातानं वर सरकवला.

आम्हाला घर दाखवणाऱ्या बाईंनी एकेका पोउपोउपाशी थांबून नाव सांगितलं. अर्थ एकाचाही नाही. हा अमुकचा मुलगा, ही तमुकची आई, हा आमचा, तो शेजारच्या जमातीचा, कारण हे घर उभारताना सोयऱ्यांनाही भिंतीत जागा दिली. त्या खांबावर तळवा टेकवून बोलत होत्या. आपण बोलता बोलता शेजारी बसलेल्याच्या खांद्यावर टेकवतो तसा. मग त्यांनी विचारलं, "तुमचं कोण?"

ईशान उठला आणि माओरीत घडाघडा पेपेहा म्हटला. पांडवगड, कृष्णा, विमान. विमानाला सगळे हसले. पूर्वजापाशी पणजोबांचं नाव आलं आणि संपलं. "आणि त्यांचे वडील?" बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं. माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे.

रात्री मोटेलवरून वाईला काकांना फोन लावला. तिकडे दुपार होती, वामकुक्षीतून उठवलं म्हणून काका जरा चिडलेच. "त्र्यंबकेश्वरच्या आपल्या उपाध्यायांच्या नामावळीत असणार सगळं. दादा गेले तेव्हा गेलो होतो की आपण. विचारतो." मग मी म्हटलं, बायकांचीही नावं विचारा. फोनवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. "बायकांची?"

दिवस पाचवा : ताउपो

वाऱ्यामुळे सकाळची बोट रद्द. पैसे परत मिळायला अर्धा तास काउंटरवर हुज्जत. दुपारची मिळाली.

तळ्यातून माइन बेला गेलं की कड्यावर दहा मीटरहून उंच चेहरा दिसतो, गोंदलेला, थेट पाण्यावर. जमिनीवरून वाट नाही. शेजारचे गृहस्थ बायकोला "प्राचीन आहे" सांगत होते. प्राचीन कसला, माझ्यापेक्षा लहान आहे! मताही ब्राइटवेल या तरुण कोरक्यानं साथीदारांसह १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो कोरला. चेहरा कुणाचा? न्गातोरोइरांगीचा. होय, तोच फसवलेला पुरोहित. तो पुढे दक्षिणेला चालत गेला, तोंगारिरो डोंगरावर थंडीनं गारठला, आणि लांब समुद्रापलीकडच्या बहिणींना हाक मारून त्यानं आग मागवली. ती जमिनीखालून आली. वाटेत जिथे जिथे वर आली तिथे गरम झरे. रोटोरुआतल्या वाफा, ओहिनेमुतूच्या अंगणातला धूर, हे सगळं त्या हाकेचं. ज्यानं फसवलं त्याचे वंशज अजून फसवलेल्याच्या आगीवर शेकतात, हे मला फार आवडलं.

दिवस सहावा : वेलिंग्टन

पाच तासांचा रस्ता, आणि वेलिंग्टनचा वारा खरंच माणसाला वाकवतो. ते पापा संग्रहालयात आधी वर, १९९०च्या दशकाच्या अखेरचं सभागृह. क्लिफ व्हाइटिंगनं एमडीएफच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या, फळ्या कापून, निळ्या-हिरव्या-केशरी रंगांत घडवलेलं. इथे बाहेरून येऊन वसलेल्यांनाही भिंतीत जागा आहे. ताई म्हणाली, "म्हणजे आपलंही कुणी असेल." मग बराच वेळ रंगच बघत बसली.

त्यानंतर ते हाऊ कि तुरांगा. अखंड राहिलेल्या सभागृहांतलं सगळ्यांत जुनं, १८४०च्या सुरुवातीचं. रोंगोफाकाता जमातीच्या राहारुही रुकुपोनं, वारलेल्या थोरल्या भावाच्या आठवणीत कोरक्यांची फौज घेऊन घडवलेलं. १८६७ साली सरकारनं ते उचलून नेलं. मालकी जमातीची हे आता मान्य झालंय, तिथवर पोचायला दीडशे वर्षं गेली. आत अंधूक उजेड. आकृतींची अंगं एकमेकांत इतकी गुंतलेली, की एकाचा गुडघा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा दंड कुठे सुरू होतो ते बोटानं हवेत गिरवत पाहावं लागतं. ईशान हातांत काय आहे ते बघत चालला होता. एका फळीपाशी थांबला. इथे चेहरा ठरीव नव्हता, खऱ्या माणसासारखा, गोंदण रेघ न् रेघ. हातात वाकस.

"हा रुकुपो," तो म्हणाला. "त्यानं स्वतःलाच बसवलंय."

तेवढ्यात फोन थरथरला. काकांनी उपाध्यायांच्या चोपडीच्या पानाचा फोटो पाठवला होता. मोडीतल्या ओळी, खाली काकांनी देवनागरीत लिहिलेलं. पणजोबांचे वडील केशव, त्यांचे बाळाजी, त्यांचे विसाजी. आणि तळाशी: "बायकांची लिहिलेली नाहीत. एकच सापडली, बाळाजीची आई भागीरथी."

तिथल्या मंद उजेडात फोन लपवत मी ते हळू आवाजात वाचलं. ईशाननं पाठीवरच्या पिशवीतून वही काढली आणि उकिडवा बसून लिहायला लागला. भागीरथीच्या 'थी'ला अडला, इंग्रजीत कसं लिहायचं म्हणून.

"मावशी, ही कोण होती?"

पहारेकरी दाराशी येऊन म्हणाला, दहा मिनिटांत बंद. ताई बाहेर जाऊन आमच्या चपला शोधत होती.